मुक्काम वाढला

पूल क्रमांक एकोणसाठ. विटांच्या कोपऱ्यावर दोरांचे वण.
घोडे बोटी ओढायचे तेव्हाचे.
ओला दोर पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी घासला,
दोर बदलत गेले, वीट झिजत गेली.
बोटीतून हात काढून मी त्या खाचेत बोट घालते.
तेवढी सवड मिळते,
कारण आम्ही चाललोय म्हणजे असे चाललोय, की
काठावरचा कुत्रा थांबतो, हुंगतो, सगळी कामं उरकतो
आणि रमतगमत येऊन आम्हाला गाठतो.

साठ फूट लांब, सात फूट रुंद घर.
कोळशाची शेगडी, दोन मग, एक बिछाना
आणि क्लेम.
क्लेमनं चौतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली.
समोर बदकं आडवी आली की अजून
त्याचा अंगठा सुकाणूच्या दांड्यावर काहीतरी शोधतो.

लॉक आलं की मी चावी घेऊन काठावर उडी मारते.
झडपा उचलते, दाराच्या तुळईला पाठ लावते.
दार हलत नाही,
हलत नाही,
आणि मग, आपल्याच मनात होतं अशा थाटात हलतं.
खाली शेवाळल्या भिंतींमध्ये बोट,
बोटीवर क्लेमचं टक्कल,
दोन्ही हळूहळू वर येतात.
पलीकडच्या शेतात कोकरं, अंगावर निळे आकडे,
आईच्या अंगावर तोच आकडा.
सतरा नंबरचं कोकरू बारा नंबरला लुचतंय.
बारा नंबर काही बोलत नाही.

मग क्लेमची कंबर धरली.
एका विलोखाली बोट बांधली, आठवडा गेला,
नवव्या दिवशी निघायचं म्हणून दोर सोडायला गेले तर
मागच्या टायरात काटक्या, बोरूची पानं,
चिप्सचं एक पाकीट
आणि त्या सगळ्यावर पाणकोंबडी.
लाल चोचीनं माझ्याकडे बघत राहिली,
जशी मी भाडं मागायला आले होते.

चौदा दिवसांवर एका जागी थांबायचं नाही, असा नियम.
पंधराव्या सकाळी सायकलवरून ब्रायनी आली,
कालव्याच्या कचेरीतली, कोवळी पोर, नाकात खडा.
मी टायराकडे बोट दाखवलं.
ती गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बसली.
"सात आहेत," म्हणाली.
मग यंत्रावर टिपत, स्वतःशीच मोठ्यानं :
"इंजिनात बिघाड."

दर आठवड्याला येऊन विचारायची,
"काय म्हणतोय बिघाड?"
आम्ही म्हणायचो, बसलाय.
एकदा क्लेम म्हणाला, आज वादळात रात्रभर बसला.
तो बघायला उठला होता, हे मला तेव्हा कळलं.
एरवी रात्री तीनला तो दचकून उठतो,
अंधारात बूट चाचपतो,
कुठे जायचं आहे ते आठवत नाही, मग कपाळ पुसतो.
त्या दिवसांत तो टॉर्च घेऊन उठायचा,
मोजून यायचा,
आणि घोरायला लागायचा.

हॉथॉर्नची कुंपणं पांढरी झाली त्या सुमारास
पाच फुटली. दोन नाही फुटली.
काळ्या कापसाचे पाच गोळे, डोक्याला तांबडं टक्कल,
पाण्यात पडले आणि पोहायलाच लागले.
क्लेम न फुटलेल्या दोघांपाशी थोडा थांबला.
वेळ बघितली त्यानं घड्याळात.
जुनी सवय.

ब्रायनीनं "बिघाड दुरुस्त" असं टिपलं,
आम्ही चावी फिरवली,
आणि इंजिन खरंच सुरू होईना.
इतके दिवस त्याच्याबद्दल काय बोललं जातंय
ते ऐकलं असणार त्यानं.
दोन तास, चार शिव्या, एक नवा पट्टा.

आता पूल क्रमांक त्र्याहत्तर.
पाकोळ्या कमानीतून आमच्या आधी जातात,
परत येतात, पुन्हा जातात.
समोरून येणाऱ्या बोटीवरचा म्हातारा
आमच्या टायराकडे वाकून बघतो,
"गवत कसलं हो ते?"
क्लेम सुकाणूवरून हात न काढता सांगतो,
"इंजिनाचा भाग आहे."